शालेय ग्रंथालय : महाविद्यालयीन शिक्षणाची पूर्वतयारी

(माध्यमिक शाळांतील शिक्षक, ग्रंथपाल व संस्थाचालक यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आपल्याकडे गावोगावी गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ दिले जातात, चौकाचौकांत फलक लागतात. परिश्रमाचे कौतुक व्हायलाच हवे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु हाच विद्यार्थी महाविद्यालयात गेल्यानंतर पहिल्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत कोणत्या अवस्थेत असतो, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. नव्वद टक्के गुण मिळवून गेलेला मुलगा पहिल्याच सत्रात दोन विषयांत मागे का राहतो? गावात हुशार म्हणून नावाजलेली मुलगी शहरातल्या वर्गात शेवटच्या बाकावर गप्प का बसते? त्यांची बुद्धी चार महिन्यांत आटली, असे तर नक्कीच झालेले नसते. मग झाले काय?

मला आज या प्रश्नाचे एकच उत्तर आपल्यापुढे ठेवायचे आहे. इतरही कारणे आहेत; आर्थिक आहेत, घरची आहेत. पण एक कारण असे आहे की, ज्यावरचा उपाय आपल्या शाळेच्या इमारतीतच, बहुधा कुलूपबंद कपाटात, पडून आहे. तो म्हणजे शाळेचे ग्रंथालय.

एका पुस्तकाकडून अनेक पुस्तकांकडे

शाळा आणि महाविद्यालय यांतील अंतर नेमके कोठे आहे, ते प्रथम पाहू. शाळेत प्रत्येक विषयाला एक पाठ्यपुस्तक असते. धड्याखाली स्वाध्याय असतो, स्वाध्यायाचे उत्तर धड्यातच असते आणि ते शोधणेही जड जात असेल तर बाजारात मार्गदर्शिका मिळते. दहा वर्षे मुलाच्या मनावर एकच संस्कार होत राहतो की, प्रश्नाचे उत्तर एका ठिकाणी, एका शब्दरचनेत, तयार असते.

महाविद्यालयात पाऊल टाकताच हे चित्र पालटते. तेथे अभ्यासक्रम असतो आणि त्याखाली संदर्भग्रंथांची यादी असते. एका ग्रंथातील एक प्रकरण, दुसऱ्यातील दोन, एखाद्या नियतकालिकातील लेख, असे जुळवून विद्यार्थ्याने आपला विषय स्वतः उभा करायचा असतो. दोन ग्रंथकारांचे मत भिन्न असेल तर दोहोंची कारणे समजून घ्यायची असतात. टिपणे कोणी लिहून देत नाही, ती आपली आपण काढावी लागतात. ज्या विद्यार्थ्याने शाळेत असताना ग्रंथाची अनुक्रमणिका कधी चाळली नाही, शेवटची सूची कशासाठी असते हे ज्याला ठाऊक नाही, तो या यादीपुढे गोंधळून उभा राहतो. पोहता न येणाऱ्याला नदीच्या मध्यभागी सोडून द्यावे आणि वर म्हणावे की, पाण्यात उतरल्याशिवाय पोहणे येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आणि याच्याही आधीची एक पायरी आहे, ती वाचनाची. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध असलेली शैक्षणिक पाहणी आपणांस परिचित आहे. २०२३ साली या पाहणीने ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींचा विचार केला. २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत झालेल्या त्या पाहणीत सुमारे २५ टक्के मुलांना इयत्ता दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्याच प्रादेशिक भाषेत अस्खलितपणे वाचता आला नाही. हे वय म्हणजे महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरचे वय. ज्याला आपल्या भाषेतील परिच्छेद सलग वाचता येत नाही, त्याच्या हाती आपण संदर्भग्रंथांची यादी देणार आहोत, याचे भान आपल्याला ठेवावे लागेल.

बागेतला बाक आणि एक गुरुजी

ग्रंथ आणि उच्च शिक्षण यांचा संबंध सांगणारे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी नियमाने वाचीत बसे. त्याच बागेत येणारे विल्सन हायस्कूलमधील शिक्षक आणि चरित्रकार कृष्णराव अर्जुन केळूसकर यांचे त्याच्याकडे लक्ष गेले. त्यांनी चौकशी केली, मुलाची वाचनाची ओढ पाहिली आणि काय वाचावे याचे मार्गदर्शन केले. १९०७ साली तो विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणात पैशाची अडचण आली, तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांकडे त्याला घेऊन जाणारेही केळूसकरच होते. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पुरे झाले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर, हे मी सांगावयास नकोच.

या प्रसंगातील तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. मुलाला वाचण्यासाठी निवांत जागा हवी होती, ती बागेतल्या बाकाने दिली. काय वाचावे हे सांगणारा जाणता माणूस हवा होता, तो गुरुजींच्या रूपाने भेटला. आणि पुढील शिक्षणाचा मार्ग कोठून जातो, शिष्यवृत्ती कोणाकडे मागावी, ही माहिती हवी होती, तीही त्यांच्याचकडून मिळाली. जागा, मार्गदर्शन आणि माहिती. या तीन गोष्टी योगायोगावर अवलंबून राहू नयेत, प्रत्येक विद्यार्थ्याला त्या हक्काने मिळाव्यात, यासाठी शाळेत ग्रंथालय असते. प्रत्येक मुलाला बागेत केळूसकर भेटतीलच असे नाही. परंतु प्रत्येक शाळेत ग्रंथालय असू शकते.

दुसरे उदाहरण दक्षिणेतील आहे. कुंभकोणमच्या शाळेत शिकणाऱ्या श्रीनिवास रामानुजन यांच्या हाती १९०३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, कार या इंग्रज लेखकाचा गणितातील सिद्धान्तांचा संग्रह आला. तो तेथील शासकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील होता. त्यात हजारो सिद्धान्त होते, पण बहुतेकांच्या सिद्धता नव्हत्या. रामानुजन यांनी त्या स्वतः मांडण्याचा ध्यास घेतला आणि एका असामान्य गणितीचा जन्म झाला. ही कथा आपण मुलांना सांगतो. पण तिचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. महाविद्यालयात गेल्यावर रामानुजन गणितात इतके बुडाले की, इतर विषयांकडे दुर्लक्ष होऊन त्यांची शिष्यवृत्ती गेली. तेथील पदवी त्यांना मिळाली नाही. एका ग्रंथात केवढे सामर्थ्य असते हे यातून कळते, तसेच ग्रंथासोबत मार्गदर्शकही का हवा, हेही कळते.

रंगनाथन यांची पाच सूत्रे

या रामानुजन यांचे चरित्र १९६७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. ते लिहिणारे गृहस्थ होते डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे जगापुढे मांडली. त्यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिन आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घालताना आपण त्यांच्या सूत्रांची कसोटी आपल्या शाळेला लावून पाहतो का?

पहिले सूत्र सांगते की, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. आपल्याकडे मात्र ते मोजणीसाठी असतात. दाखल नोंदवहीतील आकडा आणि कपाटातील आकडा जुळला म्हणजे ग्रंथालय उत्तम, अशी आपली समजूत. याला एकट्या ग्रंथपालांना दोष देऊन चालणार नाही. पुस्तक हरवले तर वसुली माझ्याकडून होईल, ही त्यांची भीती खरी असते. येथे एक गोष्ट संस्थाचालकांच्या कानावर मुद्दाम घालतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत असे म्हटले आहे की, वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे हे स्वाभाविक मानावे; मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. दुर्मीळ व मौल्यवान ग्रंथांना ही सवलत नाही. हे नियम केंद्र सरकारच्या कारभाराचे आहेत, पण त्यातील शहाणपण आपल्या संस्थेने ठराव करून स्वीकारायला काय हरकत आहे? हजारात पाच पुस्तके गेली आणि नऊशे पंच्याण्णव वाचली गेली, तर तो व्यवहार तोट्याचा म्हणता येईल काय?

दुसरे सूत्र, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. आठवीतल्या मुलाला तत्त्वज्ञानाचा जाडजूड खंड आणि बारावीतल्या मुलाला बालकथा दिल्या, तर देवघेव झाली, वाचन झाले नाही. कोणता मुलगा काय वाचू शकेल, हे ग्रंथपालाला त्या मुलाशी बोलल्याशिवाय कळत नाही. चौथे सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा. पुस्तके विषयवार लावलेली नसतील, कपाटावर साधी पाटी नसेल, तर मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत मूल काय शोधणार? आणि पाचवे सूत्र, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. जेथे तीस वर्षांपूर्वीचे करिअर मार्गदर्शन आजही पहिल्या रांगेत उभे आहे आणि विज्ञानाचे एकही नवे पुस्तक नाही, तेथे वाढ खुंटली आहे असे समजावे.

इयत्तेनुसार काय करता येईल?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. महाविद्यालयाची पूर्वतयारी म्हणजे अकरावीची पुस्तके दहावीतच वाचून घेणे, असा अर्थ मला अभिप्रेत नाही. ज्ञान मिळविण्याची रीत हाती येणे, हा तिचा खरा अर्थ आहे. आणि ही रीत टप्प्याटप्प्यानेच शिकविता येते.

इयत्ता आठवीत कोश हाताळायला शिकवावे. मराठीची कोशपरंपरा केवढी समृद्ध आहे! मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ चा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ साली आला. एकेका माणसाने आयुष्य वेचून उभी केलेली ही कामे आहेत. आठवड्याला एक शब्द, एक नोंद. मुलांनी ती स्वतः शोधावी. वर्णक्रमाने नोंद शोधता येणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण महाविद्यालयातील अनेक मुलांना ती जमत नाही, असे तेथील ग्रंथपाल सांगतात.

इयत्ता नववीत एकाच विषयावर दोन पुस्तके वाचण्याचा अभ्यास द्यावा. उदाहरणार्थ, १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ. त्याविषयी एक नोंद विश्वकोशातून घ्यावी, एक एखाद्या पुस्तकातून किंवा जुन्या अंकातून. रोजगार हमीची कल्पना त्या काळात कशी रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा कसा झाला, ते शोधावे. तिसरी माहिती घरातील आजी-आजोबांना विचारून मिळवावी. मग एक पान स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि खाली कोणती माहिती कोठून घेतली ते नमूद करावे. एवढ्या एका पानात सारांश काढणे, तुलना करणे, ऋण मान्य करणे आणि स्वतःची वाक्ये लिहिणे या चारही गोष्टी येतात. महाविद्यालयातील प्रकल्प याहून वेगळा काय असतो?

इयत्ता दहावीचे वर्ष परीक्षेचे, त्या वर्षी मुलांवर नवा भार नको, हे मान्य. परंतु परीक्षा संपल्यापासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ जातो. शाळेच्या अख्ख्या आयुष्यात मुलाला इतका मोकळा वेळ पुन्हा मिळत नाही, आणि नेमके त्याच काळात शाळेचे ग्रंथालय बंद असते! दाखला देणे बाकी आहे, तोवर तो विद्यार्थी आपलाच आहे. आठवड्यातून दोन दिवस, दोन तास ग्रंथालय उघडे ठेवले तर या मुलांना चरित्रे, विज्ञानविषयक पुस्तके, सोप्या इंग्रजीतील ग्रंथ वाचायला देता येतील.

अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले असतील तेथे ‘पुढील शिक्षण’ नावाचे एक स्वतंत्र कपाट हवे. त्यात विविध विद्यापीठांची माहितीपत्रके, प्रवेश परीक्षांच्या मागील प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्त्यांच्या वर्तमानपत्रांतील कात्रणांची धारिका आणि अर्जांच्या मुदतींचा तक्ता असावा. अभियांत्रिकी व वैद्यक याखेरीज कृषी, विधी, संस्कृत, इतिहास, संख्याशास्त्र, ग्रंथालयशास्त्र असेही मार्ग आहेत, हे ग्रामीण विद्यार्थ्याला सांगणार कोण? माहितीअभावी हुकलेली शिष्यवृत्ती गरिबाच्या मुलाला फार महाग पडते.

भाषेचा पूल

मराठी माध्यमाच्या मुलांविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. ज्याला त्वरण म्हणजे काय हे उत्तम समजले आहे, तो ‘ॲक्सिलरेशन’ ऐकताच बुजतो. अपवर्तनाची आकृती डोळे मिटून काढणारी मुलगी ‘रिफ्रॅक्शन’ शब्दापाशी अडखळते. संवेग, जडत्व, उत्प्रेरक, प्रकाशसंश्लेषण या संकल्पना तिच्या पक्क्या असतात, फक्त त्यांची दुसरी नावे तिला ठाऊक नसतात. आणि आपल्याला काहीच येत नाही, असा न्यूनगंड मात्र मनात घर करतो.

यावर उपाय सोपा आहे. भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत. ते ग्रंथालयात ठेवावेत आणि नववीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी : डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी. रोज तीन संज्ञा लिहिल्या तरी दोन शालेय वर्षांत हजाराहून अधिक होतात. नीट आणि जेईई मेन या परीक्षा आज मराठीतूनही देता येतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणाची वाट मोकळी केली. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याला मराठी परिभाषा पक्की हवी आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याला दोन्ही हव्यात. मातृभाषेत पाया भक्कम असलेला विद्यार्थी दुसरी भाषा आत्मविश्वासाने शिकतो. तेव्हा मराठीचा अभिमान आणि इंग्रजीची तयारी यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

पडद्यावरचे ग्रंथालय

काहीजण म्हणतील, आता सारे भ्रमणध्वनीवर मिळते, ग्रंथालये हवीत कशाला? मिळते हे खरेच, आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतो. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्रार्पण झाले. देशभरातील विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले आहेत. केंद्र सरकारने २०२४ साली ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना उपलब्ध व्हावीत, यासाठी तीन वर्षांकरिता ६ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली.

केवढा हा ज्ञानसागर! परंतु किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाला यातून ओंजळभर पाणी घेता येते का, हा खरा प्रश्न आहे. योग्य शोधशब्द कोणता, हजार उत्तरांतून विश्वसनीय कोणते, लेखक कोण, साल कोणते, दुसरीकडे याला दुजोरा आहे का, या प्रश्नांची सवय शाळेत लागली नाही, तर तेरा हजार नियतकालिकेही त्याच्यासाठी बंद कपाटच ठरतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात निबंध लिहून देते. तो बरोबर आहे की चूक, हे ओळखायला जे वाचन लागते, ते मात्र यंत्र आपल्यासाठी करू शकत नाही. म्हणून शाळेच्या ग्रंथालयात एखादा संगणक असावा आणि त्याच्याशेजारी छापील कोशही असावेत. पडद्यावर मिळालेली माहिती कोशात पडताळून पाहण्याचा खेळ मुलांना फार आवडेल.

अडचणी आहेत, मार्गही आहेत

आपल्या मनातील प्रश्न मला दिसतात. पैसा कोठून आणायचा? ग्रंथपाल कोठे आहे? वेळ कोण देणार?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा असला, तरी वाचनाचा पाया तेथेच घातला जातो. समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची सोय करण्यात आली. रक्कम लहान आहे, परंतु विचारपूर्वक निवड केली तर दरवर्षी शंभरभर चांगली पुस्तके येऊ शकतात. अडचण बहुधा रकमेपेक्षा निवडीची असते. खरेदीची यादी विक्रेत्याने करावयाची की विषयशिक्षकांनी, हे आपण ठरवायचे आहे.

पूर्णवेळ ग्रंथपालाचे पद विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असल्यामुळे लहान शाळांना ते मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे. त्यासाठी मागणी करीत राहिलेच पाहिजे. पण तोवर? आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि ११ हजारांच्या आसपास शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. आपल्या गावातही त्यांतले एखादे असेल. शाळा आणि ते ग्रंथालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात, पण वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. नववी-दहावीच्या वर्गांना तेथे सामुदायिक सभासदत्व मिळवून देता येईल. निवृत्त शिक्षकांनी आठवड्याचे दोन तास द्यावेत. माजी विद्यार्थ्यांनी आपण महाविद्यालयात वापरलेले संदर्भग्रंथ शाळेला आणून द्यावेत. मात्र देणगी म्हणून रद्दी स्वीकारू नये. नाही म्हणण्याचे धैर्य ग्रंथपालाला हवे.

आणि जेथे काहीच नाही, तेथे बडोद्याकडे पाहावे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. ग्रंथांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगावी फिरू लागल्या. रस्ते कच्चे होते, साधने तुटपुंजी होती, तरीही पेटी गावात पोहोचत होती. आज तालुक्याच्या मोठ्या शाळेने पन्नास-पन्नास पुस्तकांच्या चार पेट्या तयार करून आसपासच्या चार लहान शाळांत दर महिन्याला फिरविल्या, तर वर्षभरात प्रत्येक शाळेतील मुलांना दोनशे पुस्तके पाहायला मिळतील. यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

वेळेचा प्रश्नही असाच आहे. वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका छापलेली असते. पण शिक्षक रजेवर असले की ती गणिताला जाते, स्नेहसंमेलन जवळ आले की तालमीला जाते. मुख्याध्यापकांनी एवढेच ठरवावे की, ही तासिका कोणीही उचलायची नाही.

मुलींसाठी हीच एक जागा

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलगा अभ्यासिकेत जातो, शहरात मित्राच्या खोलीवर राहतो, रात्री उशिरा परततो. खेड्यातील मुलीला यांतील काहीच शक्य नसते. घरी गेली की पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, स्वयंपाक, ही कामे वाट पाहत असतात. चार भिंतींतील निवांत अशी तिला मिळू शकणारी जागा म्हणजे शाळा, आणि शाळेतही ग्रंथालय. शाळा सुटल्यानंतर एक तास ते उघडे राहिले, एखाद्या शिक्षिका तेथे थांबल्या, आणि मुलगी उशिरा का येते हे पालकांना नीट समजावून सांगितले, तर त्या एका तासाने तिचे पुढील शिक्षण वाचू शकते. ज्या भूमीने सावित्रीबाईंना पाहिले, तेथे एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

मित्रहो, विद्येची देवता म्हणून आपण सरस्वतीचे पूजन करतो. तंजावरच्या मराठी राजघराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी ज्या ग्रंथसंग्रहाला परिश्रमपूर्वक वैभव दिले, त्याला ‘सरस्वती महाल’ हे नाव आहे. राजवाड्यात ग्रंथांसाठी महाल असावा, हा आपला वारसा. दसऱ्याच्या दिवशी पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करणाऱ्या शाळेत, वर्षाचे उरलेले दिवस ग्रंथांचे कपाट बंद राहावे, हे त्या वारशाला शोभणारे नाही.

येथून परतल्यावर आपण फार मोठे संकल्प करावेत, अशी माझी विनंती नाही. तीन गोष्टी कराव्यात. येत्या सोमवारी कपाट उघडून त्यातील महाविद्यालयाच्या तयारीला उपयोगी पडतील अशी पुस्तके वेगळी काढावीत आणि मुलांच्या हाताला लागतील अशी मांडावीत. ग्रंथालयाची तासिका अभंग राहील असे पाहावे. आणि गेल्या वर्षी शाळेतून गेलेल्या पाच विद्यार्थ्यांना बोलावून विचारावे की, महाविद्यालयात तुम्हाला कशाची उणीव भासली? ते जे सांगतील, त्यावरून पुढच्या खरेदीची यादी करावी. शाळेचा दाखला घेऊन निघालेल्या मुलाच्या पाठीशी आपल्याला कायम उभे राहता येत नाही. परंतु पुस्तक उघडून आपला मार्ग आपण शोधण्याची सवय त्याच्यासोबत देता येते, आणि ती द्यायची वेळ तो आपल्याजवळ आहे तोवरच आहे.